शेपटी कापू नकोस

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला खर्चाचा हिस्टोग्राम (किती खर्चाची किती माणसं, हे दाखवणारा स्तंभालेख) पाहिला. डावीकडे शून्यांचा उंच खांब, उजवीकडे लांबच लांब शेपटी. आरोग्यसेवेच्या खर्चाचा डेटा असाच असतो, घाबरू नकोस. पण ‘वरचे दोन-चार आउटलायर (इतरांपासून फार दूरचे आकडे) काढून टाकू का?’ हे वाचून मी थबकले. अरे, खरे आजारी तर तेच आहेत!

दहा माणसं घे. सहा जण वर्षभर डॉक्टरकडे फिरकले नाहीत, तिघांचा खर्च हजार-हजार, एकाचा ९७,०००. मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शून्य; सरासरी १०,०००. तो एक वगळलास की सरासरी ३३३. खर्चाची तरतूद करणाऱ्याला एकूण रक्कम हवी असते आणि ती सरासरीतूनच निघते. मीडियनला दहाने गुणून काय मिळणार?

शेपटी आखडावी म्हणून खर्चाचा लॉग घेतात, त्याचंही तसंच. १०० आणि १०,००० यांच्या लॉगची सरासरी काढून उलट फिरवलीस तर १,००० येतात. खरी सरासरी ५,०५०. यावर संख्याशास्त्रज्ञ डुआन यांनी १९८३ मध्ये स्मिअरिंगचा उपाय सुचवला: रेसिड्युअल्सचे (लॉगमधलं प्रत्यक्ष आणि अंदाज यांतल्या फरकांचे) घातांक घेऊन त्यांच्या सरासरीने उलट फिरवलेला अंदाज गुणायचा. मात्र तुझ्याकडे तरुण आणि वृद्ध गटांचा विखुरलेपणा सारखा नसेल, तर एकच गुणक दोघांना लावून भागणार नाही. त्यापेक्षा सरळ गॅमा वितरण (लांब शेपटीच्या, शून्याहून मोठ्या आकड्यांसाठीचं) आणि लॉग लिंक घे; त्यात प्रत्येक आकड्याचा नव्हे, सरासरीचाच लॉग मांडतात. मग उलट फिरवण्याची भानगडच नाही. आणि शून्याचा लॉग निघत नाही म्हणून ‘अधिक एक’ करून लॉग घेणं कृपा करून सोड. एकाऐवजी ०.०१ मिळवून बघ, निष्कर्ष कसे हलतात ते!

शून्यांसाठी मॉडेलचे दोन भाग कर. खर्च झाला की नाही, हे लॉजिटने (हो-नाहीची शक्यता काढणाऱ्या मॉडेलने). झाला असेल तर किती, हे गॅमाने. ही नुसती गणिती सोय नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या रँड या संशोधन संस्थेच्या आरोग्यविमा प्रयोगात, खिशातून जास्त पैसे द्यावे लागणारे लोक मुळात डॉक्टरकडेच कमी गेले. एकदा गेल्यावर त्या आजारपणावर होणारा खर्च मात्र फारसा बदलला नाही. जायचं की नाही हे रुग्ण ठरवतो, पुढचं बरंचसं डॉक्टर. दोन निर्णय, म्हणून दोन समीकरणं.

डॉक्टरकडच्या भेटींच्या संख्येला पॉयसन (मोजणीच्या आकड्यांचं साधं वितरण) बसणार नाही, कारण त्यात व्हेरिअन्स, म्हणजे विखुरलेपणाचं माप, सरासरीइतकाच असावा लागतो. व्हेरिअन्स जास्त असला तरी चालणारं निगेटिव्ह बायनॉमियल लाव; पुष्कळदा तेवढ्याने शून्यंही सांभाळली जातात. जादा शून्यांसाठी वेगळा भाग जोडणाऱ्या झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलच्या मोहात लगेच पडू नकोस. त्यात काही माणसांची भेट कधी होणारच नव्हती, असं गृहीत असतं. तुझ्या डेटात अशी माणसं कोण, हे सांगता येत असेल तरच ते वापर. नुसता एआयसी (मॉडेलांच्या तुलनेचा आकडा, कमी तितका बरा) कमी आला, हे कारण मला पटत नाही.

आता एवढं कर: अंदाजित खर्चानुसार लोकांचे दहा गट पाड आणि प्रत्येक गटात अंदाजाची व प्रत्यक्षाची सरासरी शेजारी-शेजारी मांड. सगळ्यात वरच्या गटात मोठी तफावत दिसली, तर लिंक बदलून पाहावी लागेल. तो तक्ता पाठव, मग फोनवर बोलू.

तुझी,
मीरा