करसवलतीआधी चाकणचा रस्ता

महोदय,

नवीन उत्पादक कंपन्यांसाठीचा १५ टक्के प्राप्तिकराचा दर पुन्हा लागू करावा, म्हणजे परदेशी कारखाने पुणे परिसरात येतील, असे उद्योगवर्तुळात वारंवार बोलले जाते. सनदी लेखापाल म्हणून चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांचे हिशेब मी अनेक वर्षे तपासले आहेत आणि या मागणीत दोन वेगळ्या निर्णयांची गल्लत होते असे मला वाटते.

परदेशी कंपनी देश निवडते तेव्हा कराचा दर जरूर पाहते. २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने हा दर जाहीर केला (अधिभार आणि उपकर धरून १७.१६ टक्के), तो व्हिएतनामच्या २० टक्क्यांशी स्पर्धा करण्याजोगा होता; पण त्यासाठी उत्पादन सुरू करण्याची वाढवलेली मुदत ३१ मार्च २०२४ रोजी संपली. मात्र देश ठरल्यानंतर राज्य आणि गाव निवडताना हा दर कामाचा राहत नाही, कारण कर केंद्राचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाने पुण्याजवळच्या तळेगावऐवजी गुजरात निवडले, तेव्हा दोन्हीकडे प्राप्तिकर एकच होता.

दराने खरोखर हलतो तो कागदावरचा नफा. पेटंट, नाममुद्रा आणि कर्जे आयर्लंडसारख्या १२.५ टक्के दराच्या देशात नोंदवता येतात आणि त्यांवरचा नफाही तिथेच दाखवता येतो. कारखान्यात पाया खोदून बसवलेला प्रेस (पत्र्याला आकार देणारे अवजड यंत्र) तसा उचलता येत नाही. हा खेळ थांबवण्यासाठीच २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी वार्षिक ७५ कोटी युरोंपेक्षा जास्त उलाढालीच्या उद्योगसमूहांवर किमान १५ टक्के कर मान्य केला. जर्मनी, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी तो २०२४ पासून लागू केला, आणि पुण्यातील कितीतरी परदेशी कारखाने याच देशांतले आहेत. अशा समूहावरचा कराचा भार आपण १५ टक्क्यांखाली नेला, तर पगार आणि यंत्रसामग्रीपोटीची वजावट सोडून उरलेल्या नफ्यावरचा फरक त्याचा मायदेश वसूल करू शकतो. आपण सोडलेला पैसा तिकडच्या तिजोरीत जाईल, हे मला फार खटकते.

दरापेक्षा गुंतवणूकदाराला कायद्याची खात्री अधिक हवी असते. व्होडाफोन कंपनीने सर्वोच्च न्यायालयात कराचा खटला जिंकल्यानंतर २०१२ मध्ये आणलेली पूर्वलक्षी करआकारणी (जुन्या व्यवहारांवर मागाहून लावलेला कर) मागे घ्यायला आपल्याला २०२१ उजाडले, आणि त्या नऊ वर्षांत गेलेला विश्वास कोणत्याही करकपातीने भरून आला नसता.

चाकणला आलेले परदेशी अधिकारी मला कराबद्दल एकदा विचारत. मालाचा ट्रक पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कोंडीतून न्हावा शेवा बंदरात कधी पोहोचेल आणि वीज किती वेळा जाईल, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारत. पुण्याच्या उद्योजक संघटनांनी दिल्लीकडे सवलत मागण्याआधी चाकणचा रस्ता कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार, हे राज्य सरकारकडून लेखी घ्यावे.

– एक सनदी लेखापाल, कोथरूड, पुणे