खापर लांडग्यांच्या माथी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'लांडग्यांनी पळवली हरणांची शिकार' हा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशय अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यात येऊन गेलेले दिसतात, पण शिकाऱ्यांच्या शेकोटीपलीकडे काही गेलेले दिसत नाहीत. 2021 च्या फेब्रुवारीतली लांडग्यांची शिकार त्यांच्या मते 'नियंत्रित' होती. मूळनिवासी जमातींचा वाटा सोडून कोटा 119 लांडग्यांचा, मारले 218, तेही तीन दिवसांच्या आत! इथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमाती लांडग्याला भाऊ मानतात, त्यामुळे त्यांनी आपल्या वाट्याच्या वेगळ्या 81 ला हात लावला नाही. तो वाटाही बाकीच्यांनी परस्पर उडवला. याला नियंत्रण म्हणायचं, तर लग्नाच्या पंगतीत श्रीखंडावरही नियंत्रणच असतं.

गेल्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या ऐन हंगामात, संध्याकाळी हायवे 29 वर माझ्या गाडीपुढे हरीण आलं. बॉनेट दुमडलं, डावा दिवा फुटला आणि त्याच्या खाचेत राखाडी केसांचा पुंजका अडकून राहिला. पोलीस आला. मला लागलं नाही ना, हे विचारून झाल्यावर म्हणाला, "हरीण घरी नेणार का?" इथे मेलेल्या हरणावर पहिला हक्क धडक देणाऱ्याचा. माझ्या गळ्यात तुळशीची माळ! नको म्हटलं. तेवढ्यात मागे एक पिकअप थांबली. शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटातल्या गृहस्थांनी पाय धरून हरीण मागे चढवलं आणि हात पुसत मला म्हणाले, "यंदा आम्हाला एक हरीण दिसलं नाही. सगळी लांडग्यांनी खाल्ली." यावर काय बोलणार? गॅरेजवाल्याचंही हेच मत. त्याच्या आवारात हरणांनी चेपलेल्या गाड्यांची रांग लागली होती, तरीही. विम्यात न बसलेले पैसे माझ्या खिशातून गेले.

लांडगे ज्या काउंट्यांत आले, तिथे हरणांमुळे होणारे गाड्यांचे अपघात सरासरी 24 टक्क्यांनी घटले, असं याच राज्यावरचा अभ्यास 2021 मध्ये सांगून गेला. लांडगे रस्त्याकडेने फिरतात, म्हणून हरणं रस्त्यापासून लांब राहतात. लेखात याचा उल्लेखही नाही. शिकारी वर्षाला तीन लाखांच्या आसपास हरणं मारतात. लांडगे हजार-बाराशे, आणि एका लांडग्यामागे वर्षाला वीसेक हरणं असा हिशोब धरतात. गुणाकार लेखकांनीच करावा. उत्तरेच्या जंगलात लांडग्यांनी फरक पडत असेल, नाही म्हणत नाही. पण 2022-23 चा हिवाळा तिथल्या हरणांना किती जड गेला, हे शिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. बर्फावर गोळी झाडता येत नाही, एवढीच अडचण.

ज्यांची वासरं जातात त्या शेतकऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना भरपाई मिळालीच पाहिजे. पण अस्वलामागे सोडलेलं कुत्रं लांडग्याने मारलं, तरी सरकार मालकाला अडीच हजार डॉलरपर्यंत देतं. माझ्या बॉनेटला मात्र कुणी विचारत नाही.

आणि लेखासोबतचं ते छायाचित्र! एवढी मोठी शिंगं आणि अंगभर पांढरे ठिपके म्हणजे चितळ. ते पेंचला भेटेल, विस्कॉन्सिनच्या जंगलात नाही. आपल्याकडे फोटो कोण निवडतं?

जाता जाता: परदेशातल्या वर्गणीदारांच्या ई-पेपरात रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर हल्ली येत नाही. ईमेल केली, तिलाही उत्तर नाही. वर्गणी संपत आल्याची आठवण मात्र अगदी वेळेवर येते.

आपला,
एक वर्गणीदार वाचक, वॉसॉ, विस्कॉन्सिन