प्रिय फिटर, स्लॅबवर एक पोरगा भेटला

१४ डिसेंबर २०२५
पाटण

प्रिय फिटर,

गणपतीत तुझा मेसेज आला होता, "मास्तर, आहेस का गेलास", आणि मी त्यावर नुसता अंगठा टाकला. मग दिवाळी गेली, तुझा वाढदिवस गेला, फोन केला नाही. तब्येत बरी आहे, शुगर आहे तेवढीच आहे, आईचे गुडघे तसेच. आज घरातले सगळे लग्नाला गेलेत आणि आठ दिवस डोक्यात जे फिरतंय ते लिहून काढतोय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमची काय चूक त्यात", झालं, तिथंच विषय संपला. तू असं म्हणणार नाहीस, म्हणून तुला.

मागच्या रविवारी चुलत्यांच्या घराच्या स्लॅबला गेलो होतो. काम आपल्या त्याच गवंड्याकडे आहे, शाळेचं कंपाउंड ज्याने बांधलं, तू आला होतास तेव्हा तासभर ज्याच्याशी ओळंब्यावर गप्पा मारत बसला होतास तो. शिडीवरून वर गेलो तर सळया बांधणाऱ्या दोघांना एक पोरगा सांगत होता, "पिलरजवळ रिंगा जवळजवळ घ्या, तिथं ताण जास्त येतो, मधी जरा लांब चालतील." आवाज ओळखीचा वाटला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात पक्कड. वळला, मला बघितलं आणि पक्कड खाली ठेवून पाया पडला.

गवंड्याचा पोरगा रे. मी तुला मेमध्ये निकालाच्या दिवशी फोन करून ज्याचं सांगितलं होतं, ९१ टक्के, गणितात ९७. तो यावेळी शहरात जेईईच्या बॅचमध्ये बसलेला असायला पाहिजे. मी विचारलं सुट्टीला आलास का, तर म्हणाला, "न्हाई सर, दिवाळीला आलो ते गेलोच न्हाई." आणि पुन्हा रिंगा मोजायला लागला. मला पुढं काही बोलता आलं नाही. चहा आला तो तसाच हातात धरून उभा राहिलो.

तुला आठवतंय का मी सांगितलेलं, भूमितीत दुसरं प्रकरण पायथागोरसचं, मी फळ्यावर त्रिकोण काढला आणि हा मागून म्हणाला, सर आमचे वडील लाइनआऊट टाकताना असंच करतात, एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि तिरकं पाच आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. पन्नास पोरांमधे त्याला एकट्याला ते प्रमेय आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला प्रमेय म्हणतात हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की स्टाफरूममधे जाऊन सगळ्यांना सांगितलं. आणि त्याच आनंदात मी मनात त्याचं ठरवून टाकलं. हा आयआयटीला जाणार. त्याने नाही रे ठरवलं, मी ठरवलं.

त्याला डिप्लोमा करायचा होता. सिव्हिल. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकचं त्याने स्वतः बघून ठेवलं होतं, दहावीनंतर तीन वर्षं, मग जमलं तर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल सगळं तहसीलमधनं काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो माझ्याकडे आला होता, फॉर्म भरायला मदत करा म्हणून. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अरे एवढे मार्क पडल्यावर डिप्लोमा कोण करतं?"

हे वाक्य आठ दिवस ऐकू येतंय मला. कारण ते मी पहिल्यांदा नव्हतं म्हटलं. पहिल्यांदा ते जून १९९६ मधे एसटी स्टँडवर म्हटलं होतं, तुला. तेव्हा तर मी डिप्लोमाही नाही, "पाना-पक्कड घेऊन बसणार का जन्मभर" असं म्हणालो होतो, तुझ्या हातात आयटीआयचा फॉर्म होता, आणि तू काही न बोलता कराडच्या गाडीत चढलास. दीड वर्ष बोलला नाहीस. मी अकरावी सायन्सला का गेलो? सरांनी सांगितलं म्हणून. तू फिटर ट्रेडला का गेलास? तुला लेथ मशीन चालू असताना जवळनं बघायचं होतं म्हणून. हे तूच मला नंतर सांगितलंस, कोयनेच्या पुलावर बसून, आणि मी म्हणालो होतो फार शहाणा झालास. भूमितीच्या वहीत तू काढलेलं वर्तुळ बघून सरांनी "हा बटाटा कोणाचा" विचारलं होतं ते अजून बॅचच्या ग्रुपवर निघतं, आणि तोच माणूस आता मायक्रॉनशिवाय, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशिवाय, बोलत नाही! ते असू दे.

तर मी ऑनलाइन फॉर्म भरला. यंदा अकरावीचं पहिल्यांदाच सगळ्या राज्याचं ऑनलाइन झालं, आधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावतीला होतं, आपल्याकडं पोरं कॉलेजात जाऊन फॉर्म टाकायची. आता शंभर रुपये भरायचे, भाग एक, भाग दोन, दहापर्यंत पसंतीक्रम. माझ्याच मोबाइलवर भरला. एक नंबरला मी शहरातलं एक कॉलेज टाकलं, क्लासशी टायअप असलेलं, नाव नाही लिहीत, आणि पहिल्या पसंतीचं मिळालं की घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतनं बाहेर. मिळालं. डिप्लोमाचं रजिस्ट्रेशन त्याच दिवसांत चालू होतं, दोन्ही अर्ज टाकून ठेवता आले असते, कोणी अडवलं नव्हतं. मी नाही टाकला. मला खात्री होती ना.

वडिलांनी साठ हजार पहिला हप्ता भरला, वर होस्टेल. एक म्हैस विकली, हे मला त्यावेळी माहीत नव्हतं, परवा कळलं.

आणि तिथं काय झालं ते त्याने मला संध्याकाळी बांधावर बसून सांगितलं, तक्रार करतोय असं वाटू न देता. कॉलेजात जायचंच नसतं, कॉलेज फक्त कागदावर, प्रॅक्टिकलची खोली त्याने चार महिन्यात एकदा बघितली, तीही बाहेरून. सकाळी सहापासून क्लास, दर रविवारी टेस्ट, सोमवारी रँक भिंतीवर. आपल्याकडं तो मराठी माध्यमात शिकला, त्याला त्वरण माहीत, गतिज ऊर्जा माहीत, संवेग माहीत, तिथं पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत, अॅक्सिलरेशन म्हणजे आपलं त्वरण हे कळायच्या आत पुढचा चॅप्टर. जेईई मेनचा पेपर मराठीत पण मिळतो हे मी त्याला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, पण शिकवणारं मराठीत कोणी आहे का हे विचारलं नव्हतं. सप्टेंबरमधे भिंतीवर त्याचा नंबर शेवटच्या पानावर गेला. ज्याला गणितात ९७ पडले तो मला म्हणतो, "सर, मला गणित येत न्हाई असं वाटाय लागलं हुतं."

फिटर, मला हे सहन होत नाही.

त्याचे वडील स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी शाळेत आले. भांडायला नाही आले, भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सर, तुमी सांगितलं म्हनून धाडला, आता तुमीच सांगा काय करायचं." चपला व्हरांड्यात काढून आत आले रे ते, ज्यांनी तो व्हरांडा बांधलाय.

म्हणून गेले चार दिवस हिशेब करतोय आणि तो तू तपासून दे. एक रस्ता असा की त्याने इथल्याच ज्युनिअर कॉलेजात बदली करून बारावी सायन्स पूर्ण करायचं, २०२७ ला बारावी, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे २०२९ ला डिप्लोमा हातात. दुसरा रस्ता, अकरावी सोडून द्यायची, जून २०२६ ला दहावीच्या मार्कांवर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, तीन वर्षं, म्हणजे तेही २०२९. मी त्याच्या डिप्लोमाचा फॉर्म भरला असता तर २०२८. एक वर्ष माझ्यामुळं गेलं, ते कुठल्याच रस्त्याने परत येत नाही. पोरगा म्हणतो दुसरा रस्ता, जूनपर्यंत वडिलांच्या हाताखाली काम करतो. हेडसर म्हणतात बारावी करून घेऊ दे, सेफ आहे. मला यावेळी पोराचं ऐकायचंय, पण भीती वाटते की सहा महिने हातात रोज आठशे रुपये पडले की जूनमधे तो कॉलेजात जाईल का. तू आयटीआयला असताना तुझ्या बॅचमधली किती पोरं मधेच कामाला लागली ते मला आठवतंय. तू का नाही लागलास, हे मी कधी विचारलंच नाही.

आणि एक गुंता आहे. त्याचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्या कॉलेजात अडकलाय, म्हणतात वर्षाची पूर्ण फी भरा मग देतो. पुढच्या शनिवारी मी त्याच्या वडिलांना घेऊन जाणार आहे. रजा टाकलीये. नाही दिला तर लेखी मागणार, मग शिक्षण उपसंचालकांकडे जाणार, दाखला घेतल्याशिवाय येत नाही.

शाळेत पण मी शनिवारच्या करिअरच्या तासाला तो तक्ता काढून टाकला. तुला माहितीये तो, सायन्स, कॉमर्स, आर्ट्सचे तीन मोठे बाण आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "इतर". त्या इतरमधे तू होतास, आयटीआय होती, पॉलिटेक्निक होतं, सगळी हाताने काम करणारी दुनिया. दहा वर्षं भिंतीवर होता तो. २०१६ ला बोर्डाची कलचाचणी आली होती बघ, कॉम्प्युटर रूममधे एकेका मशीनवर नंबर लावून घेतली आपण, कोणाचा कल कृषी, कोणाचा तांत्रिक, कोणाचा गणवेशधारी सेवा, आणि तरी ८० टक्क्यांच्या वरच्या सगळ्यांना मी सायन्सच सांगत राहिलो. कल कुठं का असेना. गेटवरच्या फ्लेक्सवर सायन्सला गेलेल्यांचा आकडा मोठा दिसावा असं मला वाटायचं, हे खरंय, आणि ते मी फक्त तुलाच लिहू शकतो.

परवा नववी-दहावीच्या पोरांना नुसतं विचारलं, घरी कोण काय काम करतं आणि त्यातलं तुम्हाला काय येतं. एका पोरीला मोटार रिवाइंडिंग येतं! वडिलांच्या दुकानात बसून शिकली, आणि दोन वर्षं माझ्या वर्गात आहे, मला पत्ता नाही. तिला मी सांगितलं की इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो आणि तो केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, जे मला तू सांगेपर्यंत माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सर, पोरींना घेतात?" जानेवारीत सगळ्यांना कराडला न्यायचंय, आयटीआयचं वर्कशॉप आणि पॉलिटेक्निकची लॅब दाखवायला, एसटीचं बुकिंग झालं की कळवतो.

तुला दोन कामं. तुझ्या चाकणहून पाबळ जवळ पडतं, तिथं विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ मधे काढलेला, वेल्डिंग, बांधकाम, शेती असं सगळं हाताने करून शिकवतात. एखाद्या रविवारी जाऊन बघून ये, आपल्या पोरांना चार दिवस तिथं पाठवता येईल का विचार. आणि दुसरं, त्या पोराशी बोल. मी बोलू शकत नाही, मी बोलायला लागलो की तो "हो सर" म्हणतो. तुझ्याशी तो बोलेल. त्याला तुझी शॉपफ्लोअर बघायची आहे, मी तुझं सांगितल्यावर त्याने पहिलं हेच विचारलं की तिथं ड्रॉइंग कसं वाचतात.

तुझं काय चाललंय? वहिनींची बदली झाली का? पोरगी आता नववीत ना, तिच्या मागं लागू नकोस रे कशाला. मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर फोटो टाक. प्लॉटच्या त्या भानगडीचं काय झालं ते फोनवर सांग, लिहीत बसू नकोस.

आणि १९९६ च्या स्टँडवरचं. माझ्या बी.एड.च्या फीला तू अप्रेंटिसच्या स्टायपेंडमधले दोन हजार पाठवलेस, मनीऑर्डरच्या कागदावर एक अक्षर लिहिलं नव्हतंस. मी ते पैसे घेतले, परत केले, पण त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. मी चुकलो होतो, फिटर. तेव्हाही आणि यावर्षीच्या मेमधेही, त्याच वाक्यात.

पोराकडं स्वतःचा फोन नाही, वडिलांच्या फोनवर मिळतो, नंबर वेगळा पाठवतो. साडेसातनंतर कर, त्याच्या आधी साइटवर असतात. उद्या दुसऱ्या मजल्याचे पिलर भरायचेत, त्यामुळं उद्या नको, परवा कर.

तुझा
मास्तर