ताई, हल्ल्याचा हिशेब शिकवलास त्याबद्दल

प्रिय ताई,

दिवाळीच्या सुटीत तू सोलापूरला आलीस आणि अशोक चौकातल्या आमच्या टेबलावर अख्खी संध्याकाळ बसलीस, त्याचे मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट रचायचा टेबलावरचा खेळ, नव्याने खेळणाऱ्या पोरांनाही हे कामी येईल.

तोवर ॲप सांगेल तो आकडा आम्ही वीस बाजूंच्या फाशात मिळवायचो. फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, +5 का, हे कुणालाच सांगता यायचं नाही. तू वहीचं मागचं पान काढलंस आणि पेन्सिलीने त्याची स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, लिहिलीस: 16. त्यातून 10 वजा, उरतील त्याचे निम्मे, म्हणजे +3. 17 असली तरी +3च, कारण अर्धा सोडून द्यायचा. मग धाकट्याने विचारलं, 7 असेल तर? तू संख्यारेषा काढलीस, उणे दीडवर बोट ठेवलंस आणि डावीकडे सरकवलंस: -2. आठवीतल्या पोराला ते तिथल्या तिथे कळलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यावर प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे सरावाचे वरचे गुण: चौथ्या लेव्हलपर्यंत +2, पाचव्यापासून +3. हत्यार चालवता येत असेल तरच तो धरायचा. 3 आणि 2 मिळून 5. समोर 15 आर्मर क्लासचा गॉब्लिन राक्षस असेल, म्हणजे वार लागायला बेरीज निदान 15 हवी, तर फाशावर 10 किंवा जास्त हवेत, म्हणजे वीसातल्या अकरा बाजू आपल्या. शंभरात पंचावन्न वेळा वार लागणार. एकेका +1 ची किंमत पाच टक्के, हे कळल्यापासून आमची पोरं कुठली क्षमता वाढवायची यावर तासभर भांडतात, आणि मला ते भांडण फार आवडतं.

सगळ्यात मोलाचं होतं ते भाल्याचं. लांबून मारलं की डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, असं सगळे धरून चाललो होतो. धनुष्याला ते बरोबर. पण फेकायच्या भाल्याला हातघाईचीच क्षमता लागते, म्हणजे स्ट्रेंग्थ, हे तू 2014 च्या नियमांत दाखवलंस. रेपियर या बारीक तलवारीला दोन्हींतली चांगली असेल ती घ्यायची. मंत्राने हल्ला करताना विझर्डला (जादूगाराला) इंटेलिजन्स, क्लेरिकला (पुजारी पात्राला) विस्डम.

जुन्या, 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत थॅकोमधून, म्हणजे 0 आर्मर क्लासला वार लागायला लागणाऱ्या आकड्यातून, आर्मर क्लास वजा करावा लागायचा आणि चिलखत जितकं भारी तितका आकडा लहान, हेही तूच सांगितलंस. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीने ते सरळ केलं, म्हणून आज आठवीतलं पोरगं आमच्यात खेळू शकतं.

आता प्रत्येकाच्या शीटवर नुसतं +5 नसतं, 3 + 2 असं फोडून लिहिलेलं असतं. परवा धाकट्याने नव्या मैत्रिणीची क्लेरिक स्वतः बसवून दिली, मला काही विचारलं नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येशीलच. एक संध्याकाळ आमच्यासाठी ठेव. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई देणार आहे.

तुझा,
अशोक चौकातला डीएम (खेळ चालवणारा)