आई-बाबा, या वेळी सोपारा-वसई बघायला या

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले ना, आता आमचं फिरायचं वय गेलं, ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. लांब नाही न्यायचंय तुम्हाला, आमच्या इथून लोकलने जाऊन येण्यासारखं आहे.

नालासोपारा म्हटलं की आईला फक्त गर्दी आठवते, पण हेच ते जुनं शूर्पारक, सातवाहनांच्या काळातलं नावाजलेलं बंदर. तिथल्या स्तूपाला गावातले लोक बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे करंडक आणि सगळ्यात आत सोन्याचा, भोवती आठ छोट्या मूर्ती, सोन्याची फुलं, आणि एवढं सगळं कशासाठी तर मातीच्या भिक्षापात्राच्या बारीक तुकड्यांसाठी! बुद्धाच्या पात्राचे तुकडे म्हणून इतके जपले असतील. मला तर हे वाचून भरूनच आलं.

त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पण सापडला. आधीचे राजे शिकारीला, मौजेला निघायचे, अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यात काय करायचं तर ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, वृद्धांना भेटायचं, त्यांना दान द्यायचं, असं आहे त्या लेखात. बाबा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक राजा म्हाताऱ्या माणसांना भेटायला प्रवास करत होता, आणि मला वाईला यायला सुट्टी जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी वसईचा किल्ला. आई, आपल्या वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची ती मोठी घंटा, मेरी आणि बाळ येशू कोरलेली, ती इकडचीच ना. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा गावोगावच्या देवळांत गेल्या. आता त्यातल्या बहुतेक चर्चना छप्पर नाही, नुसत्या उंच भिंती उभ्या आहेत. आपली घंटा जिथून आली ते तुम्ही बघावं असं फार वाटतं मला.

घारापुरी यावेळी नको, पायऱ्या खूप आहेत, बाबांचे गुडघे दुखतील. किल्ल्यात सपाटीवरच फिरायचं, दमलात की बसू. गर्दी टाळून दुपारची लोकल पकडू. दिवाळीनंतर थंडी पडली की या, तिकीट मी काढते, फक्त तारीख कळवा. आणि आई, लोणचं-बिणचं बांधत बसू नकोस, गोळ्या आठवणीने घे.

तुमची,
ताई