नदीकाठच्या गावांना बंदराचा दर्जा मिळायलाच हवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

चिपळूण, महाड, राजापूर ही शहरं नदीमुळे मोठी झाली. पण आज बंदरांच्या सरकारी यादीत नावं दिसतात ती दाभोळ, बाणकोट, जैतापूरची, म्हणजे खाडीच्या तोंडावरच्या गावांची, आणि आत नदीकाठी जिथे खरी पेठ होती त्या शहरांचं नाव बंदर म्हणून कुठेच नाही. आपल्या कोकणातल्या आमदारांनी सगळ्यांनी मिळून येत्या अधिवेशनात यासाठी ठराव आणावा, अशासकीय ठराव, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने स्वतः मांडलेला, आणला तरी चालेल, पण विषय एकदा सभागृहाच्या रेकॉर्डवर येऊ दे.

ही काही नवीन कल्पना नाही. इंग्रजांनी राजापूरला वखार काढली ती १६४९ साली, आणि ती काय डोंगर बघून नाही काढली, घाटावरचा माल खाली उतरायचा आणि गलबतात चढायचा म्हणून काढली. महाडचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं, १९२७ च्या डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषदेला जाताना बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले आणि सावित्रीतून दासगाव बंदराला उतरले. आमच्या चिपळूणला गोवळकोटचा धक्का. आजोबा सांगायचे, भरतीला मचवे वर यायचे, ओहोटीला चिखलात बसून राहायचे, तेवढ्या वेळात कौलं नि मीठ उतरवून घ्यायचं आणि मग ते कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जायचं.

आता कोणी म्हणेल नुसत्या दर्जाने काय होतं. तर सगळं त्यावरच अडलंय! बंदर म्हटलं की पाण्याची खोली मोजावी लागते, चॅनेल म्हणजे बोटींच्या जाण्या-येण्याचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो, धक्क्याची डागडुजी येते, त्यासाठी बजेटमध्ये खातं उघडतं आणि मुख्य म्हणजे जबाबदार कोण ते ठरतं. आज नदीतला गाळ कुणाचा? एका खात्याकडे गेलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवतात, दुसरे तिसऱ्याकडे, मी स्वतः अर्ज घेऊन फिरलोय. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात माळ्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं, पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली ती दोनदा रंग काढून पण ओल धरली की अजून दिसते. त्यानंतर गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावं लागलं तेव्हा कुठे मशिनं नदीत उतरली. नदीचा गाळ काढायला लोकांनी उपाशी बसायचं ही वेळ परत यायला नको. दर्जा मिळाला म्हणून पूर थांबेल असं मी म्हणत नाही, पण गाळ काढणं हे दरवर्षीचं ठरलेलं काम तरी होईल.

केंद्राने २०१६ च्या कायद्यात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले त्यात दाभोळ खाडी-वाशिष्ठी, म्हणजे आमची चिपळूणची नदी आहे, महाडची सावित्री पण आहे. म्हणजे रस्ता कागदावर मंजूर आणि स्टँडच नाही अशी गत झालीय. आणि वाशिष्ठीला तर कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे ऐन मे महिन्यात पण ती आटत नाही, असं किती नद्यांच्या नशिबात आहे? तिकडे रायगडात अंबा नदीत धरमतरला बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट बोटी, रोज चालतात, माल येतो-जातो. इथे मोठी जहाजं यावीत असं कोणी मागत नाहीये. लहान बार्ज, प्रवासी लाँच, खाडीकाठच्या गावांना बाजाराला यायला सोय, मुंबई-गोवा हायवेवरचे थोडे ट्रक कमी झाले तरी खूप आहे.

एक गोष्ट मात्र ठरावातच लिहून घ्यावी. खाडीत पिढ्यानपिढ्या जाळी टाकणारे भोई, दालदी, खारवी आहेत, त्यांच्या जागा आधी नकाशावर मार्क करा, त्यांना बैठकीला बोलवा आणि मगच चॅनेल आखा. आणि गाळाच्या नावाखाली वाळू उपसणाऱ्यांना आत शिरू देऊ नका, सक्शन पंपांनी किनारे कसे ढासळलेत ते खाडीकाठच्या कोणालाही विचारा.

आमदारसाहेबांनी एकदा ओहोटीच्या वेळेला गोवळकोटच्या धक्क्यावर येऊन उभं राहावं ही विनंती, पात्र किती भरलंय ते तिथून सरळ दिसतं. यायचं असेल तर वेळ कळवा, भरती-ओहोटी बघून मी स्वतः थांबतो.

– एक वाचक, चिपळूण