बाबांच्या ऑपरेशनबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून आईच्या हातात फोन देतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहायला बसले. गुरुवारचं ऑपरेशन दादाने आणि मी पक्कं केलंय. आधी विचारलं असतं तर बाबांनी "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं असतं, आणि तेवढं थांबण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणाले. उद्या डोकं जास्त दुखलं, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर घाईघाईत धावपळ करायची. त्यापेक्षा हे बरं ना?

आई, मेंदू कापणार नाहीत. साकळलेलं रक्त मेंदूच्या आत नाहीच, बाहेर आहे. कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड आणि चिवट, कवटीला आतून लागलेलं, त्याला ड्यूरा म्हणतात. त्याच्या आत तलम अरॅक्नॉइड. सगळ्यात आतलं पाया, ते तर मेंदूच्या प्रत्येक वळीत शिरून चिकटलेलं. या आतल्या दोघांच्या मध्ये पाणी खेळतं. मेंदू आणि पाठीचा कणा धरून सगळं मिळून 150 मिलिलिटरच्या आसपास, पण दिवसाकाठी अर्धा लिटर नवं तयार होतं आणि जुनं रक्तात शोषलं जातं. त्या पाण्यात तरंगतो म्हणून 1400 ग्रॅमचा मेंदू आत जेमतेम 50 ग्रॅम भरतो. ऐकून मला तरी जरा धीर आला.

ड्यूरा आणि अरॅक्नॉइड एरवी एकमेकांना टेकलेली असतात. बाबांचं रक्त तिथे जागा करून बसलंय. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो (सगळ्यांचाच, बाबा), कवटी मात्र तेवढीच राहते, आणि मेंदूकडून ड्यूराकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. मग साध्या धक्क्यानेही एखादी तुटते. शिरेतल्या रक्ताला जोर कमी, त्यामुळे ते हळूहळू झिरपतं. म्हणून बाथरूममध्ये घसरलात तेव्हा नुसतं टेंगूळ आलं, आणि उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली ती आत्ता. स्कॅनमध्ये डावीकडे कवटीला लागून चंद्रकोरीसारखा काळपट पट्टा दिसतो. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, बहुतेकांचं बोलणंही तोच सांभाळतो. नावं आठवत नाहीत ती त्यामुळे. आई, वयाचं काही नाही ते.

कवटीला दोन छोटी भोकं पाडून, ड्यूराला छेद देऊन ते रक्त धुऊन काढतात. जुनं झालं की ते पातळ होतं, त्यामुळे तेवढ्या वाटेने निघतं. मग एक-दोन दिवस बारीक नळी. मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही, कळतं ते ड्यूराला आणि कातडीला, आणि त्यासाठी भूल आहेच. कधीकधी थोडं पुन्हा साठतं, म्हणून नंतर परत स्कॅन करायचा. त्याचा आत्तापासून घोर नको. केस भादरतील, तसेही किती उरलेत!

नंतर आमच्याकडेच राहायचं, आतल्या खोलीत. बाथरूम लागूनच आहे, रात्रभर दिवा राहील. बाबांचा रेडिओ आणि ती चपटी उशी आणा, दुसऱ्या उशीवर त्यांना झोप लागत नाही.

बाबा, मी सायकलवरून डोक्यावर आपटले त्या रात्री तुम्ही मला दर तासाला उठवून साताचा पाढा म्हणायला लावत होतात. सात सक्कं शेवटी मी रडत म्हटलं होतं. आता मी विचारीन, तेव्हा चिडायचं नाही.

आणि रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टर सांगेपर्यंत बंद म्हणजे बंद. आई, त्यांच्या हाती डबी देऊ नकोस. जुने सगळे कागद एका पिशवीत भर. माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर कुणीही चढायचं नाही, दादा बुधवारी येऊन काढेल.

तुमची,
छकुली